चुकवलेला फर्मा

तिला सगळे नापासबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की नापासबाई. हातमोज्यांच्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिच्या टेबलावर दोन रबरी शिक्के होते, एक पासचा, एक नापासचा. नापासचा झिजून तीनदा नवा करावा लागला होता. पासचा पहिलाच अजून चालू होता. आता बोला!

बाई खडूस होती, पण खोटी नव्हती. तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्यासुद्धा एवढं मान्य करायच्या. सख्ख्या नणंदेची शिवण वाकडी आली तर तिला नापास, आणि मालकाच्या बायकोनं हौसेनं एक जोडी शिवली होती, तर तिलाही नापास. तोंडावर.

आणि कातड्याचा हातमोजा ही फसवी चीज असते. टेबलावर तो कधी वाईट दिसतच नाही. पाहुणा पहिल्या दिवशी कधी वाईट वागतो का? तसंच ते. खरं काय ते हात आत घालून मूठ वळली की कळतं. अंगठा वेगळ्या तुकड्याचा असतो. त्याच्यासाठी पंज्यात भोक कापतात, आणि ते पाव इंच जरी इकडचं तिकडे झालं तरी मूठ वळताच अंगठ्याच्या मुळाशी कातडं ओढतं. दोन दिवसांत हात दुखतो, आठ दिवसांत शिवण उसवते. म्हणून तिथली रीत अशी, की जी शिवेल तिनंच हात घालून मूठ वळून बघायची आणि मगच जोडी पुढे सरकवायची. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं म्हणत एकेक जण मूठ वळायची आणि बाकीच्या हसायच्या. विनोद रोजचाच, पण हसायच्याही रोज.

शिवणाऱ्या सोळा जणी होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी म्हणजे बाईची थोरली नणंद. बाई तिला वन्सं म्हणायची, म्हणून त्या अख्ख्या कारखान्याच्या वन्सं झाल्या. बाई लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. वन्संनी तिला शेजारी बसवून टाका शिकवला, कारखान्यात चिकटवलं. पुढे तीच वहिनी तपासणीच्या टेबलावर बसून आपल्याला नापास करायला लागली तेव्हा ‘शिकवलं कुणी? मीच. भोगा आता!’ म्हणत वन्संनी शिवण उसवायला घेतली. बाईचा नवरा गेला, वन्संचा त्याच्या आधीच गेला होता. दोघी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या आणि दिवसाला एक तरी भांडण करायच्या. भांडण झालं नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी धाकट्या मालकांनी बाईला वर बोलावलं. थोरले मालक गेल्यावर कारखाना यांच्याकडे आला होता. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

“बाई, हात कमी पडतायत,” ते म्हणाले. “यंदाच्या थंडीचं काम दुप्पट आलंय. सोळा जणींच्यानं होणार नाही. नवीन मुली टिकत नाहीत, आपल्या जुन्या थकल्या. परदेशात शिवून देणारे कारखाने आहेत, तीन मी निवडून ठेवलेत. तुम्ही जा, आठ दिवस राहा, नीट बघा. तुम्ही पास म्हणाल त्याला निम्मं काम देऊ. निम्मं इथेच.”

“आणि मी नापास म्हटलं तर?”

“ते तर तुम्ही म्हणणारच!” मालक हसले. “खरंच एकही धड नसेल तर तसं सांगा. मग बघू काय ते.”

‘मग बघू’. बाईनं त्यातून आपल्याला हवं तेवढंच ऐकलं: नापास म्हणजे काम घरातच राहणार.

खाली बातमी जायला किती वेळ लागतो? जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधीच सोळा जणींनी तिला गराडा घातला. “आज निम्मं, उद्या सगळं! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “बाई, जे रोज आम्हाला करता तेच तिकडे करा. जन्मात एकदा तरी तुमचा तो शिक्का आमच्या उपयोगी पडू दे!” सगळ्या खिदळल्या. वन्सं तेवढ्या हसल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी वन्संनीच तिची बॅग भरली. लोकरीचा पायमोजा टाचेला विरला होता, तो रफू करून ठेवला. मग दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत म्हणाल्या, “वहिनी, हे हात आता दुसरं काय शिकणार गं?”

एवढंच. पास कर म्हणाल्या नाहीत, नापास कर म्हणाल्या नाहीत. बॅगेची चेन ओढली आणि स्वयंपाकाला लागल्या. पण ते एक वाक्य बाईच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

बाईची एक जुनी युक्ती होती. कामावर नवी बाई आली की तिला ती मुद्दाम चुकवलेला फर्मा द्यायची. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा नमुना. तो कातड्यावर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कापायचं. या फर्म्यात अंगठ्याचं भोक पाव इंच वर असायचं. जी निमूट शिवून आणायची तिला निरोप. जी ‘बाई, हे चुकलंय का हो?’ असं विचारत यायची ती राहायची. हात शिकवता येतात, बाई म्हणायची, थांबून विचारायची अक्कल शिकवता येत नाही. परीक्षा संपली की त्या फर्म्याचा कोपरा कात्रीनं उडवायचा, म्हणजे तो चुकूनसुद्धा कामात जाऊ नये. तसे तीन फर्मे तिनं दोन्ही शिक्क्यांबरोबर बॅगेत घातले. मालकांना बोलली नाही. पेपर काढणारा कधी पेपर दाखवत फिरतो का?

तिकडची भाषा तिला येत नव्हती. दुभाषी म्हणून एक निवृत्त मास्तरीण मिळाली होती. गोल चेहऱ्याची, जरा चाललं की धापा टाकणारी, आणि सवयीनं प्रत्येक वाक्य दोनदा सांगणारी. सोमवारी दोघी तिन्ही ठिकाणी जाऊन आल्या.

पहिला कारखाना काचेचा. आत जाताना चपलांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. तिथला साहेब इतका गोड बोलायचा की बाईला मधाची बाटली आठवली. दुसरा कारखाना म्हणजे अर्धी रिकामी शेड. यंत्रांवर धूळ, आणि मालक मात्र ‘वाटेल तेवढं देतो’ म्हणत होता. तिसरा सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा माळा. लाकडी जिना, वर दोन खिडक्या, नऊ बायका. त्यांची मुख्य होती एक चष्मेवाली. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी दोरा. तिन्हीकडे बाईनं एकेक फर्मा दिला, थोडं कातडं दिलं आणि सांगितलं, “गुरुवारी येते. दोन जोड्या शिवून ठेवा.”

बुधवारी सकाळी बाई हॉटेलच्या जिन्यावरून उतरली तर खाली बाकावर चष्मेवाली. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला फर्मा. काउंटरवरच्या माणसानं खुणेनं सांगितलं की ही दोन तास बसलीय. फोनही केले होते म्हणे तिनं, पण कोण कुणाशी बोलतंय हेच कुणाला कळलं नव्हतं. बाईनं मास्तरणीला बोलावून घेतलं. ती धापा टाकत आली.

चष्मेवालीनं फर्मा बाकावर ठेवला आणि अंगठ्याच्या भोकावर बोट टेकवलं.

“ही म्हणतेय, हा फर्मा काढला कुणी?” मास्तरीण म्हणाली. “म्हणतेय, ज्यानं काढला त्याला जरा रागवा. म्हणतेय, आम्ही यावर कातडं कापलेलं नाही. आधी विचारायला आले. विचारायला आले.”

बाईला हसू आलं आणि त्याच क्षणी ते विरलं. सापडली की! जी सापडू नये तीच सापडली!

ती तशीच चष्मेवालीबरोबर माळ्यावर गेली. तिथं एक जोडी तयार होती, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेल्या फर्म्यावर शिवलेली, पण त्यांच्याच पदरच्या कातड्याची. बाईचं दिलेलं कातडं घडीसुद्धा न मोडता बाजूला ठेवलं होतं. बाईनं हात घातला, मूठ वळली. कुठे ओढ नाही, कुठे सुरकुती नाही. सव्वीस वर्षांत अशा दहा जोड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील, आणि त्यांतल्या सात वन्संच्या. नऊच्या नऊ जणी शिवण थांबवून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. कोपऱ्यातली एक म्हातारी आपली जोडी संपवून स्वतःच्या हातात चढवत होती आणि मूठ वळत होती. कुणी शिकवलं असेल यांना? बहुतेक कुणीच नाही. काम नीट करायचं म्हटलं की माणूस आपोआप तिथंच येऊन पोचतो.

चष्मेवालीनं बाईचा उजवा हात धरला, सुई धरायच्या बोटावरचा घट्टा चाचपला आणि आपला घट्टा त्याच्याशेजारी धरला. मग काहीतरी हळू बोलली.

“म्हणतेय, आठ महिने झाले, हातात काम नाही,” मास्तरीण म्हणाली. “सगळं त्या काचेवाल्यांकडे जातं. म्हणतेय, उपकार नकोत. जसं असेल तसं खरं सांगा. खरं सांगा.”

बाईच्या ओठावर ‘पास’ आलं होतं. अगदी आलं होतं. आणि तिला वन्संचे दोन हात दिसले, उलटेसुलटे.

“कळवते म्हणावं,” ती म्हणाली.

चष्मेवालीनं ती जोडी तिच्या हातात कोंबली. फर्माही परत दिला, दुरुस्त करून, आणि जुन्या भोकावर पेन्सिलीची फुली मारून.

गुरुवारी उरलेले दोन उरकले. शेडवाल्यानं आणलेल्या जोड्या कुणी शिवल्या हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. काम परस्पर बाहेर वाटून टाकलं होतं. काचेवाल्या साहेबानं मखमलीच्या तबकात दोन जोड्या ठेवून आणल्या. शिवण बघत राहावी अशी. आणि अंगठा चुकलेला, तंतोतंत पाव इंच. कुणी विचारलं नव्हतं. विचारणारं तिथं कुणी नव्हतंच.

बाईनं आपला फर्मा परत मागितला. साहेबानं तो लगेच दिला आणि वर अभिमानानं पडदा दाखवला: फर्मा कॉम्प्युटरमध्ये घातलाय, आता पुठ्ठा हरवला तरी हरकत नाही, तुमचं काम कायमचं आमच्याकडे जपून राहील. मास्तरणीनं हे दोनदा सांगितलं. बाईनं पुठ्ठ्याचा कोपरा कात्रीनं उडवला. पडद्यावरच्या फर्म्याला कोपरा होता, त्याला कात्री कशी लावणार? ‘तो पुसून टाका’ असं म्हणायला हवं होतं. पण मग परीक्षा होती हे सांगावं लागलं असतं, आणि बाईचं मन तिथं होतंच कुठे? ते माळ्यावर अडकलं होतं. राहू दे मेलं, ती मनात म्हणाली, इथं परत येतंय कोण!

शुक्रवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत तिनं अहवाल लिहायला घेतला. दोन नावांपुढे शिक्का मारताना हात हलला नाही. तिसऱ्यापुढे तो बराच वेळ हवेत राहिला. मग तिनं तिथंही नापास मारला, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्याचंच कारण उतरवून काढलं: अंगठा बसत नाही. सव्वीस वर्षांतला पहिला खोटा शिक्का. नंतर तिनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा.

घरी परतल्यावर ती जोडी आणि तो फर्मा तिनं कपाटात साड्यांच्या खाली घातला. वन्संनी विचारलं, “काय झालं गं?” बाई म्हणाली, “तिन्ही टाकाऊ.” त्या दिवशी वन्संनी आठ दिवसांच्या खंडानंतर भांडण उकरून काढलं, मिठावरून, आणि मजेत भांडल्या. बाईला वाटलं, झालं ते बरं झालं.

दोन महिने गेले. सोळा जणी आपापल्या वाट्याचं शिवत होत्या आणि उरलेल्या कामाचं मालक काय करतायत ते कुणी विचारत नव्हतं. विचारून उगाच झोपलेल्या वाघाला कशाला उठवा? आणि एका सकाळी फाटकाशी ट्रक येऊन उभा राहिला. पुठ्ठ्याची खोकी उतरायला लागली, उतरता उतरता अर्धं दालन भरलं.

“चार हजार जोड्या!” मालक म्हणाले. घाम पुसत होते, पण खुश होते. “बाई, रागवू नका. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही करूच दिलं नसतं. काम हातातून चाललं होतं हो. तुम्ही तिघांनाही नापास केलंत, कारणही दोघांचं एकच. म्हणजे मला सगळे सारखेच ना? मग त्यातल्या त्यात वेळेवर देणारा घेतला.”

“कुठला?” बाईनं विचारलं.

“तो काचेवाला. आणि अंगठ्याचं मी त्यांना बजावलं हं, अगदी लिहून कळवलं. ते म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या बाईंचा फर्मा आमच्याकडे आहेच, त्याच्याबाहेर केसभरही जाणार नाही.”

बाई खाली बसली. खुर्ची तिथं होती म्हणून बरं, नाहीतर फरशीवरच बसली असती.

पहिलं खोकं वन्संनी उघडलं. सगळ्या जणी भोवती जमल्या. “काय सुरेख शिवलंय गं!” कुणीतरी म्हणालं, आणि तिच्या आवाजात असूया होती आणि भीतीही. वन्संनी सवयीनं हात घातला. कुणी ‘झाकली मूठ’ म्हणालं नाही. वन्संनी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. मग दुसरी जोडी काढली. तिसरी. दुसऱ्या खोक्यातली.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “हा फर्मा कुणी काढला?”

“मी,” बाई म्हणाली.

तिनं मालकांना चुकवलेल्या फर्म्याचं सगळं सांगितलं, जागच्या जागी, सोळा जणींसमोर. माळ्यावरच्या नऊ जणींचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खोक्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर…” आणि वाक्य सोडून जिना चढून वर गेले.

कापलेलं कातडं पुन्हा सांधत नाही. थंडी तोंडावर आली होती, नवीन चार हजार जोड्या कोण शिवणार? ज्यांचं काम होतं त्यांनी ते काढून घेतलंच, पुढच्या वर्षीचंही दुसरीकडे दिलं. कारखाना आणखी सात आठवडे कसाबसा चालला. शेवटच्या शनिवारी सोळा जणींनी आपापल्या कात्र्या आणि बोटांत घालायचे अंगुस्ताने डब्यांत भरले. बाईशी कुणी वाकडं बोललं नाही. एकीनं तर तिच्या हातावर हात ठेवला, आणि तेच तिला सोसवेना. नापासचा शिक्का टेबलावरच राहिला; पासचा तिनं बरोबर घेतला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी वन्सं दुपारी खिडकीशी बसल्या होत्या. हातात काम नव्हतं, तर पदराचं टोक घेऊन त्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या. बाईला ते बघवेना. तिनं कपाट उघडलं, साड्यांच्या खालून ती जोडी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

वन्संनी आधी टाका बघितला. मग चष्मा लावून बघितला. हात घातला, मूठ वळली आणि वळलेली मूठ तशीच ठेवून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बाईनं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

“कुणाचं गं हे?” त्या म्हणाल्या. “ही बाई आपल्यातलीच वाटते.”

“तिकडची आहे. तिसऱ्या कारखान्यातली. चुकीचा फर्मा घेऊन दोन तास हॉटेलात बसली होती, मला विचारायला.”

वन्संनी हात तसाच धरून टाका पुन्हा एकदा बघितला. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती.

“म्हणजे पास होती.”

“हो.”

“आणि तू नापास लिहिलंस.”

“तुमच्यासाठी लिहिलं, वन्सं,” बाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम आलं. “तुम्ही म्हणालात ना, हे हात आता दुसरं काय शिकणार. मला वाटलं, तुमचं काम जाईल.”

“अगं, मी दमले होते गं,” वन्सं म्हणाल्या. “बोटं दुखायची. अशी शिवणारी कुणी भेटली असती तर निम्मं काम मी हसत दिलं असतं तिला. निम्मं मला पुरलं असतं की.” त्यांनी मूठ उघडली आणि हातमोजा हलकेच, एकेक बोट मोकळं करत, उतरवला. “मला एकदा विचारायचंस तरी, वहिनी.”

बाईनं तोंड पदरात घातलं. वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं ती जोडी सरळ करून, अंगठ्यावर अंगठा जुळवून, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“तिला कळवलंस का काही?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. “वाट बघत असेल ती.”